इंजिनातल्या अक्षता

मी, खाली सही करणारी श्रीमती सिंधू नारायण पातुरकर, वय वर्षे शहात्तर, निवृत्त विज्ञान शिक्षिका, राहणार जठारपेठ, अकोला, आज घरच्या जेवणाच्या टेबलावर बसून, कोणाच्याही दडपणाखाली न येता, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा मुलगा शुभंकर याला गेली दोन वर्षे त्याबद्दल शंका आहे. शंकेचे कारण एवढेच की, त्याच्या वडिलांची चौसष्ट सालची फियाट मी अंगणात दुरुस्त करवून घेतली आणि ती स्वतः चालवली. कार्बोरेटर कसा चालतो हे जिला समजते तिला मृत्युपत्रही लिहिता येते, असे माझे मत आहे.

माझे पती ॲड. नारायण विष्णुपंत पातुरकर हे मे २०२१ मध्ये वारले. त्यांनी चाळीस वर्षे अकोल्यातल्या लोकांची मृत्युपत्रे करून दिली, स्वतःचे केले नाही. आपण मरू असा पुरावा त्यांना कधी पुरेसा वाटला नसावा. हे माझे पहिले मृत्युपत्र असून बहुधा शेवटचेच ठरेल.

१. जठारपेठेतले राहते घर, अंगणासह, मुलगा शुभंकर याला मिळावे. तो पुण्यात असतो आणि घर विकणार आहे, हे त्याने लपवलेले नाही. खुशाल विकावे. मात्र या घरात एकतीस वर्षे स्वयंपाक करणाऱ्या माणिकबाई हयात असेपर्यंत मागची खोली त्यांच्याकडे राहील, आणि ही अट घर विकत घेणाऱ्यालाही लागू राहील. त्यामुळे एखादे गिऱ्हाईक बिचकले तर शुभंकरने दुसरे पाहावे. माणिकबाईंच्या हातचे खाऊन तो सहा फूट झाला आहे.

२. स्वयंपाकघरातली सर्व भांडी माणिकबाईंना. यातून एक वस्तू वगळते. माझी नणंद जमुना, राहणार अमरावती, हिने १९८९ साली माझे पितळी पुरणयंत्र आठ दिवसांकरिता नेले. ते मी तिला देत आहे. ताबा तिच्याकडे आहेच, मालकी माझ्या मृत्यूनंतर मिळेल. तोपर्यंत मी अमरावतीला गेले की ते माळ्यावर लपवून ठेवण्याचा तिचा परिपाठ चालू राहण्यास माझी हरकत नाही.

३. बँकेतली शिल्लक निम्मी माझी नात श्रावणी हिला आणि निम्मी मी जिथे शिकवले त्या शाळेच्या प्रयोगशाळेला. प्रयोगशाळेत माझ्या नावाची पाटी लावू नये. त्या पाटीच्या पैशात परीक्षानळ्या घ्याव्यात, मुली फार फोडतात.

४. पतीची कायद्याची पुस्तके व खटल्यांच्या फायली यांचा ताबा उधळीने पाने पोखरून आधीच घेतला आहे. तो कायम करण्यात येत आहे. एक फाईल मात्र मी कपाटातून काढून या मृत्युपत्राला जोडली आहे. तिच्यावर ‘पातुरकर विरुद्ध शेख वाहेद’ असे पतीच्या सुवाच्य अक्षरात लिहिलेले आहे. तिच्यात वाहेदमिस्त्रींच्या सहीची एक कबुली आहे. ती कबुली खोटी आहे. कशी, ते पुढच्या कलमात.

५. शेख वाहेद शेख गफूर, मोटार मेकॅनिक, राहणार अकोट फैल, अकोला, यांनी १९९७ च्या सप्टेंबरात आमच्या फियाटीचे इंजिन पूर्ण खोलून नवे चार पिस्टन टाकले. दसऱ्याच्या चार दिवस आधी गाडी घरी आली. ती उभी असताना चालू आहे की बंद हे कळेना, इतके काम चोख झाले होते.

दसऱ्याला सगळे लोक गाडीला हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, नारळ फोडतात आणि मोकळे होतात. पण माझे सासरे पातूरचे भिक्षुक. पती वकील झाले तरी पूजा स्वतः मंत्र म्हणून करत आणि पूजेतही युक्तिवाद करत. त्यांचे म्हणणे असे की, इंजिन नवे झाले म्हणजे यंदा नुसती पूजा भागणार नाही, प्राणप्रतिष्ठा केली पाहिजे. बॉनेट हे केवळ झाकण आहे, झाकणाला हळदकुंकू लावून आत काय पोचणार. तेव्हा त्यांनी बॉनेट उघडले, इंजिनावरचा हवेच्या गाळणीचा डबा नट फिरवून काढला, आणि कार्बोरेटरच्या उघड्या तोंडात अकरा आचमन्या पंचामृत व ओंजळभर अक्षता घातल्या. मी निरांजनाचे तबक घेऊन शेजारी उभी होते.

मी विचारले, “हे आत जाईल ना?”

ते म्हणाले, “जाण्यासाठीच आहे.”

दुसऱ्या दिवशी आम्ही सोनं द्यायला पातूरला निघालो. गाडी घरापासूनच आचके देत होती. पातूर सहा किलोमीटर राहिले असताना ती खडखड करत बंद पडली, ती पुन्हा हलली नाही. ट्रॅक्टरला दोर बांधून घरी आणली. दोर बांधला जात असतानाच पतीने निकाल दिला की, मिस्त्रीने जुनेच पिस्टन बसवले आणि नव्यांचे पैसे खाल्ले. कोर्ट उघडले त्या दिवशी बार रूममध्ये हे सर्वांना समजले. आठवडाभरात वाहेदमिस्त्रींना नोटीस गेली.

ते फाटकाशी आले होते. मला त्यांचे शब्द आठवतात.

“वकीलसाहेब, पिस्टन मी नवेच टाकले. एक डाव खोलू द्या मले. तुमच्या समोर खोलतो. खोललं की समजते.”

“पुरावा नष्ट करायला?” पती म्हणाले. “इंजिन आता मुद्देमाल आहे. त्याला कोणी हात लावायचा नाही.”

पती असेपर्यंत फियाट चोवीस वर्षे विटांवर उभी राहिली ती एवढ्याकरिता. लोकांना वाटे वकीलसाहेबांचा गाडीवर जीव आहे. जीव होता की नाही मला सांगता येत नाही, पण पूजा चुकली नाही. दर दसऱ्याला बॉनेट उघडून, डबा काढून, मुद्देमालाला पंचामृत आणि अक्षता मिळत राहिल्या. २०२० चा दसरा धरून अशा चोवीस पूजा झाल्या.

वाहेदमिस्त्रींकडे येणारी वकिलांची, डॉक्टरांची, सरकारी साहेबांची कामे महिनाभरात थांबली. पतीने ग्राहक मंचात तक्रार केली. मिस्त्रींना वकील मिळेना, कारण समोर वकील होता. सहा महिन्यांनी, १९९८ च्या एप्रिलमध्ये, ते आमच्या घरी आले आणि ज्या टेबलावर मी आत्ता लिहीत आहे त्याच टेबलावर, पतीने लिहून ठेवलेल्या कबुलीवर त्यांनी सही केली. ‘माझ्याकडून जुने पिस्टन बसवले गेले, त्याबद्दल मी दिलगीर आहे.’ मी चहा ठेवला. त्यांनी तो घेतला नाही. नंतर ते गॅरेज बंद करून वरूडला गेले आणि सहा वर्षे संत्र्याच्या बागांमधले ट्रॅक्टर दुरुस्त करत राहिले. त्यांच्या पत्नी आबेदाबी त्याच काळात इथे अकोल्यात वारल्या. मिस्त्री वरूडहून पोचेपर्यंत उशीर झाला होता.

आता मी शपथेवर सांगते. गाडी का बंद पडली हे मला पातूरच्या रस्त्यावर, दोर बांधला जात असतानाच माहीत होते. दूध, साखर आणि मध तापल्यावर काय होते हे मी दर वर्षी नववीच्या वर्गाला शिकवत होते. तांदळाचा एक दाणा व्हॉल्व्हखाली अडकला तर काय होईल हे समजायला तेवढेही शिक्षण लागत नाही. मी बोलले नाही. सुरुवातीला वाटले, दोन दिवस जाऊ द्यावेत, राग उतरला की सांगू. मग नोटीस गेली. नोटीस गेल्यावर सांगणे म्हणजे अख्ख्या बारसमोर नवऱ्याला खोटे पाडणे होते, आणि या घरात त्यांनी एकदा म्हटलेले कधीच मागे घेतले जात नसे. पुढे पुढे मला त्याची सवय झाली. नवऱ्याच्या धाकाने गप्प राहिले असे लिहिले तर वाचणाऱ्याला दया येईल, पण ते अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे असे की, गप्प राहण्यात माझे काहीच जात नव्हते.

मिस्त्रींची मुलगी निखत त्या वर्षी माझ्याच नववीच्या वर्गात होती, दुसऱ्या बाकावर. ऑक्टोबरपासून परीक्षेपर्यंत तिने माझ्याकडे मान वर करून पाहिले नाही. विज्ञानात तिला सर्वांत जास्त गुण पडले. उत्तरपत्रिका मी तपासली आणि मला लाज वाटली. पण त्या लाजेचाही मी काही उपयोग केला नाही.

पती गेल्यावर दोन वर्षांनी भंगारवाला गाडी पाहून गेला. माणिकबाई म्हणाल्या, “देऊन टाका बाई. डास होऊन राहिले तिच्यात. त्या डबड्याले काहून धरून बसल्या तुमी?” माझ्या मनात आले, गाडी वितळली की पिस्टनही वितळतील, आणि माझे गप्प राहणे कायमचे सुरक्षित होईल. मी भंगारवाल्याला नको म्हणून सांगितले आणि रिक्षा करून अकोट फैलला गेले.

दारात निखत होती. ती आता बाळापूरला शिक्षिका आहे. “अब्बा घरी नाहीत,” ती म्हणाली. त्यांच्या चपला उंबऱ्याशी होत्या. मी म्हटले, आले की सांग, इंजिन खोलायला बोलावले आहे. तिने दार लावून घेतले.

आठ दिवसांनी मिस्त्री आले. वय पंचाहत्तर, लुनावर, मागे हत्यारांची पेटी. नमस्कार-चमत्कार झाले नाहीत. त्यांनी बॉनेट उघडले, डबा काढला आणि बराच वेळ आत पाहत राहिले. मग माणिकबाईंकडून एक ताटली मागून घेतली आणि चिमट्याने आतला ऐवज तिच्यात काढू लागले. वरचे दाणे अजून गुलाबी होते, खालचे काळे पडून दगड झाले होते.

“हे काय होय?”

“अक्षता.”

“किती साल?”

“चोवीस दसरे.”

“मशीनले जेवू घालून राहिले होते वकीलसाहेब,” ते म्हणाले. “आन् मी म्हणत होतो, पिस्टन कसा फसला.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी इंजिनाचे हेड उतरवले. पिस्टनवरची काजळी रॉकेलच्या फडक्याने पुसली आणि मला जवळ बोलावले. चारही पिस्टनांच्या डोक्यावर साईजचा आकडा ठोकलेला होता. १९९७ च्या बिलात हाच आकडा आहे, आणि ते बिल पतीच्या त्याच फायलीत आहे. मूळ इंजिनातले पिस्टन लहान होते, ते या साईजचे असूच शकत नाहीत.

“वाचता येते ना बाई?”

मी म्हटले, “येते. मला तेव्हाच माहीत होते.”

मिस्त्रींनी पाने पुसले, हत्यारांच्या पेटीत ठेवले, लुना सुरू केली. एक महिना आले नाहीत. इंजिन अंगणात उघडे, वर मी जुनी चादर टाकलेली. मला वाटले आता येणार नाहीत, आणि मला वाईट वाटण्याचा अधिकार नव्हता तरी वाटले. एकतिसाव्या दिवशी फाटक वाजले.

“तुमच्यासाठी नाई आलो,” ते म्हणाले. “खोललेली मशीन तशीच टाकणं आमच्या धंद्यात बरं नसते. तिचा काय कसूर?”

पुढचे दहा महिने त्यांनी माझ्याशी फक्त गाडीबद्दल बोलणे ठेवले. अडकलेले पिस्टन सोडवण्यासाठी वरून डिझेल आणि ऑइल भरून ठेवले. रोज सकाळी विटांवरून उतरवलेली गाडी टॉप गियरमध्ये टाकायची आणि मी, माणिकबाई आणि शेजारचे कुंदन गावंडे यांनी ती पुढून-मागून हलवायची. अकराव्या दिवशी ती बोटभर सरकली. गंज सुटावा म्हणून पेट्रोलच्या टाकीत खडी घालून ती इतकी हलवली की गल्लीतली पोरे मोजायला बसत. वायरिंग उंदरांनी खाल्ले होते. हेडखाली बसणारे गॅस्केट मिळेना, तेव्हा मिस्त्रींनी पत्रा कापून स्वतः बनवले. चुकलेले गॅस्केट तीनदा नव्याने कापले, पण ‘चालून जाते’ असे म्हणाले नाहीत. कुंदनभाऊंनी या गाडीतल्या डासांबद्दल वॉर्डात वीस वर्षे अर्ज दिले होते. ते धक्का द्यायला का येत, असे मी विचारले. ते म्हणाले, “हे गेली तर अर्ज कोणावर करू?”

१९ ऑगस्ट २०२४ रोजी सकाळी गाडी सुरू झाली. धूर कुंदनभाऊंच्या वाळत घातलेल्या धोतरांवर गेला. मी १९८३ साली परवाना काढला होता, पण पतीने स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. आरटीओचे कागद नवे करून झाल्यावर मी गाडी चालवत, मिस्त्रींना शेजारी बसवून, सरळ कोर्टात नेली. जिथे त्यांचे नाव गेले तिथेच, बार रूमसमोर उभे राहून, खरे काय ते सांगायचे असे मी ठरवले होते. मिस्त्रींनी त्या दिवशी इस्त्रीचा पांढरा कुर्ता घातला होता.

तिथे आमच्या काळातले कोणी नव्हते. जे होते ते वारले, किंवा मुलांकडे नागपूर-पुण्याला गेले. तरुण वकील गोळा झाले. मी बोलायला सुरुवात केली. त्यांनी दोन वाक्ये ऐकली, मग एकाने विचारले, “काकू, विकायची आहे का?” आणि दुसऱ्याने मिस्त्रींना थोडे बाजूला व्हायला सांगितले, फोटोत गाडी पूर्ण यावी म्हणून. मिस्त्री बाजूला झाले. परत येताना ते एवढेच म्हणाले, “क्लच जरा हळू सोडत जा.”

बदनामी ऐकलेले कान उरले नाहीत आणि नव्यांना ऐकण्याचे कारण नाही. त्या दिवशी मला समजले की हे तोंडी फिटणार नाही, कागदावरच लिहून ठेवले पाहिजे. म्हणून हे मृत्युपत्र मी दुय्यम निबंधकाकडे नोंदवणार आहे. मी जाहीर करते की, शेख वाहेद शेख गफूर यांनी १९९७ साली नवे पिस्टन बसवले होते, त्यांच्या कामात दोष नव्हता, इंजिन आमच्या पूजेने बिघडले, १९९८ ची कबुली दडपणाखाली घेतलेली व खोटी आहे, आणि हे सर्व मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

६. उपरोक्त फियाट. या कलमाचा मूळ मजकूर ‘गाडी शेख वाहेद शेख गफूर यांना द्यावी’ असा होता. तो मी खोडला असून बाजूला सही केली आहे. कारण पुढीलप्रमाणे.

परवा मी मिस्त्रींना बोलावून मसुदा दाखवला. म्हटले, गाडी तुमची. त्यांनी विचारले, “साक्षीदार कोण?” मी म्हटले, एक कुंदनभाऊ, दुसरा अजून ठरायचा आहे.

“मी करतो सही.”

मी समजावले की, ज्याला मिळकत मिळते त्याने साक्ष घालू नये, असे या घरात मी हजारदा ऐकले आहे. दोन्हीपैकी एकच होईल. एक तर गाडी, नाही तर सही.

“मंग गाडी नोको,” मिस्त्री म्हणाले. “गाड्या मी लय पाहिल्या.”

तेव्हा गाडी नात श्रावणी हिला. दसऱ्याला तिने पूजा करावी, बॉनेट बंद ठेवून.

७. साक्षीदाराने मृत्युपत्रातला मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही. त्याने फक्त माझी सही होताना पाहायची असते. हे मी मिस्त्रींना सांगितले. तरी त्यांनी चष्मा लावून सगळा मसुदा वाचला, आणि कलम पाच पुन्हा वाचले. मी त्या कलमाच्या शेवटी ‘याबद्दल मी त्यांची व त्यांच्या कुटुंबाची क्षमा मागते’ असे वाक्य लिहिले होते. त्यावर त्यांनी बोट ठेवले.

“हे काढा बाई.”

“का?”

“झालं ते लिवलं, तेवढं बरोबर आहे. माफी कागदावर नसते. तुमी मेल्यावर वाचणार कोणी तरी, मी असीन का नाई काय माहीत. मागायची तर आता मागा. निखत बाहेर रिक्षात बसून आहे.”

ते वाक्य मी खोडले आहे. मी उठले आणि बाहेर गेले. तिथे काय बोलणे झाले ते या दस्तऐवजाचा भाग नाही.

येणेप्रमाणे सहा पानी मजकूर मी स्वतः लिहिला असून तो बरोबर आहे.

सही: सिंधू नारायण पातुरकर

आमच्या समक्ष सही केली:

साक्षीदार १: शेख वाहेद शेख गफूर, वय ७७, धंदा मोटार मेकॅनिक, राहणार अकोट फैल, अकोला.

साक्षीदार २: कुंदन रामकृष्ण गावंडे, वय ६९, निवृत्त, राहणार जठारपेठ, अकोला.

ठिकाण: अकोला
दिनांक: १४ डिसेंबर २०२५